बिननावाचं ऊन

दर वर्षी जानेवारी उजाडला की अकोल्याहून आणि पुण्याहून फोन सुरू होतात. "टीव्हीवर दाखवताहेत, तिकडे जंगलं पेटलीत म्हणे. तुम्ही ठीक आहात ना?" आम्ही ठीक असतो. मेलबर्नच्या आमच्या उपनगरापासून वणवा बहुतेक वेळा शंभर-दीडशे किलोमीटर लांब असतो. मग मी सांगते, आगीचं सोडा, आज इथे ४२ आहे. त्यावर पलीकडून हमखास हसू ऐकू येतं. "एवढंच ना? अकोल्यात मे महिन्यात पोरं पंचेचाळीसमध्ये क्रिकेट खेळतात!"

मीही अकोल्याचीच. नवतपा काय असतो ते मला कुणी शिकवायला नको. पण गेल्या काही वर्षांत इथल्या उन्हाळ्यांचा इतिहास थोडा थोडा वाचत गेले आणि आता ते हसू खटकायला लागलंय. का खटकतं, ते फोनवर पाच मिनिटांत सांगता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती :)

आधी भूगोल. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात व्हिक्टोरिया नावाचं राज्य आहे, मेलबर्न ही त्याची राजधानी. इथलं सगळं आपल्या उलट. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. संक्रांतीचं हळदीकुंकू असतं तेव्हा काळ्या साड्या नेसून आम्ही घामाघूम झालेल्या असतो. उत्तरेचा वारा आपल्याकडे थंडी आणतो, इथे तो मधल्या वाळवंटावरून येतो आणि भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर धावतो. वसंतात वाढलेलं गवत तोवर वाळून पिवळं झालेलं असतं. डोंगरात निलगिरीची झाडं, त्यांच्या पानांत तेल. काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत असते. पेटली की ह्या पट्ट्या वाऱ्यावर उडतात आणि कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावतात. म्हणून इथला वणवा नुसता पसरत येत नाही, तो उड्या मारत येतो.

आणि एक गोष्ट, जी मला इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळली. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस तापलं की दक्षिणेकडून थंड वारा येतो. तासाभरात पारा पंधरा-वीस अंशांनी उतरतो. शहरात लोक 'चेंज आला' म्हणून हुश्श करतात, दारं-खिडक्या उघडतात. डोंगरात मात्र हीच सगळ्यांत वाईट वेळ असते. उत्तरेच्या वाऱ्यानं आगीची एक लांब, अरुंद जीभ दक्षिणेकडे वाढलेली असते. वारा नैऋत्येचा झाला की त्या जिभेची अख्खी बाजू, कधी कधी पन्नास किलोमीटर लांबीची, आगीचं तोंड होऊन पुढे सरकायला लागते. शहरातल्या माणसाचा सुटकेचा क्षण तो डोंगरातल्या माणसाचा घाताचा. इथल्या वणव्यांत बरीच माणसं ह्या 'चेंज'नंतर गेली आहेत.

ह्या राज्याची एक विचित्र सवय आहे. मोठ्या वणव्यांना ते वारांची नावं देतं. काळा गुरुवार, काळा शुक्रवार, राखेचा बुधवार, काळा शनिवार.

काळा गुरुवार म्हणजे ६ फेब्रुवारी १८५१. गोऱ्यांना इथे येऊन वसल्याला जेमतेम दीड दशक झालं होतं. त्याआधी हजारो वर्षं इथले मूळ रहिवासी लहान लहान, थंड आगी लावून रान मोकळं ठेवत असत. नव्या लोकांना ती रीत ठाऊक नव्हती आणि विचारायची गरजही वाटली नाही. त्या दिवशी सुमारे ५० लाख हेक्टर, म्हणजे जवळजवळ पाव राज्य जळालं. वस्ती विरळ असल्यामुळे माणसं डझनभरच गेली. पुढे १८६४ मध्ये विल्यम स्ट्रट नावाच्या चित्रकारानं ह्या दिवसाचं एक भलं मोठं आडवं चित्र काढलं. मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयाच्या संग्रहात ते आहे. माणसं, घोडे, गुरं, मेंढ्या सगळे एकाच दिशेला जीव घेऊन पळताहेत. 'वणवा आला की पळायचं' ही कल्पना बहुधा त्या चित्रासारखीच सगळ्यांच्या डोक्यात असते, माझ्याही होती.

काळा शुक्रवार म्हणजे १३ जानेवारी १९३९. मेलबर्नमध्ये ४५.६ अंश. एका दिवसात डोंगरातली गावं पुसली गेली. त्या उन्हाळ्यात राज्यात ७१ माणसं गेली, जवळपास २० लाख हेक्टर जळालं, ६९ लाकूड-गिरण्या खाक झाल्या. ह्या गिरण्या खोल जंगलात असत, कामगार आणि त्यांची बायकामुलं तिथेच राहत. काही गिरण्यांनी जमिनीत खंदक खणून, वर माती लोटून आसरे केले होते. आग अंगावरून जाईपर्यंत दारावर ओली ब्लँकेटं धरून माणसं आत बसत. काही गिरण्यांत असा आसराच नव्हता.

चौकशीसाठी न्यायमूर्ती लिओनार्ड स्ट्रेटन ह्यांचा आयोग नेमला गेला. हे गृहस्थ मला आवडतात. त्यांनी गिरणी कामगार, शेतकरी, वनखात्याचे अधिकारी सगळ्यांच्या साक्षी घेतल्या आणि काही महिन्यांत अहवाल दिला. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं की ह्या आगी माणसाच्या हातांनीच लागल्या. आणि ह्याही अर्थाचं लिहिलं, की इथे येऊन राहिलेली माणसं ह्या अरण्याला ओळखण्याइतकी अजून इथे जगलेलीच नव्हती. १९४४ च्या आगींनंतर पुन्हा त्यांनाच बोलावलं गेलं आणि १९४५ मध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांना एकत्र बांधणारं 'कंट्री फायर ऑथॉरिटी' हे अग्निशमन दल उभं राहिलं. आजही त्यात बहुतांश स्वयंसेवक आहेत.

काळ्या शुक्रवारची आठवण आणखी एका ठिकाणी राहिली आहे. १९६० च्या दशकात ऍलन मॅकआर्थर ह्या वन-शास्त्रज्ञानं तापमान, हवेतला ओलावा, वारा आणि दुष्काळ ह्यांवरून वणव्याच्या धोक्याचा आकडा काढायची पद्धत बसवली. त्या मापातला १०० हा आकडा १३ जानेवारी १९३९ च्या हवामानावर बेतलेला होता. म्हणजे ह्यापेक्षा वाईट काही होऊ शकेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

राखेचा बुधवार आला १६ फेब्रुवारी १९८३ ला. (ख्रिस्ती पंचांगातही त्या दिवशी 'ऍश वेन्सडे'च होता, नाव आधीचंच.) व्हिक्टोरियात ४७ आणि शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात २८, एकूण ७५ माणसं गेली. अपर बीकन्सफील्ड इथे दोन गाड्यांवरचे १२ स्वयंसेवक वारा फिरला तेव्हा सापडले, त्यांतला एकही वाचला नाही. नंतरच्या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे शेवटच्या क्षणी पळणारी माणसं रस्त्यावर मरतात. धुरात रस्ता दिसत नाही, झाड आडवं पडलेलं असतं, आणि ज्वाळा पोचायच्या आधी नुसती आगीची धग माणसाला मारते. दुसरं म्हणजे घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी पेटत नाहीत, छपरात, पन्हाळीतल्या वाळक्या पानांत शिरलेल्या ठिणग्यांनी पेटतात. धडधाकट माणूस घरात थांबून त्या विझवत राहिला तर घर आणि माणूस दोन्ही वाचू शकतात. ह्यातून धोरण तयार झालं: एकतर पूर्ण तयारीनं घरी थांबा, नाहीतर खूप लवकर निघा. मधलं काही नको.

हे धोरण पंचवीसेक वर्षं चाललं. मग काळा शनिवार आला.

७ फेब्रुवारी २००९. राज्याचे प्रीमियर जॉन ब्रम्बी ह्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातला सर्वांत वाईट ठरू शकतो. तसाच ठरला. मेलबर्नमध्ये ४६.४ अंश, शहराच्या नोंदींतला उच्चांक. मॅकआर्थरचा तो १०० चा आकडा कित्येक ठिकाणी ओलांडला गेला. सकाळी पावणेबाराच्या सुमाराला किलमोर ईस्टजवळ विजेची तार तुटली आणि आग लागली. एकट्या त्या आगीत ११९ माणसं गेली. किंगलेक, स्ट्रॅथ्यूवेन, मेरिसव्हिल ही गावांची नावं तेव्हापासून इथे वेगळ्या आवाजात घेतली जातात. एकूण १७३ मृत्यू, २००० हून जास्त घरं जळालेली.

पुन्हा आयोग. न्यायमूर्ती बर्नार्ड टीग अध्यक्ष. १७३ पैकी प्रत्येकाचा मृत्यू कुठे, कसा झाला, शेवटच्या तासांत त्यानं काय ठरवलं होतं, ह्याचा एकेक करून शोध घेतला गेला. त्यातून जे निघालं ते धोरण उलटं करणारं होतं. ११३ माणसं घरांतच गेली होती. बरेच जण थांबायच्या तयारीनं थांबले होते. आणि गेलेल्यांपैकी ४४ टक्के लहान मुलं, सत्तरीपुढचे, आजारी किंवा अपंग असे होते. 'धडधाकट माणसानं तयारीनं थांबावं' ह्या वाक्यात ते मावतच नव्हते. २०१० च्या जुलैअखेर आयोगानं ६७ शिफारशी दिल्या. आता सल्ला सरळ आहे: लवकर निघणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. लवकर म्हणजे आदल्या रात्री किंवा सकाळी. धूर दिसल्यावर नव्हे. २०२२ च्या सप्टेंबरपासून देशभर एकच चार पायऱ्यांची पाटी आहे, हिरवी, पिवळी, नारिंगी आणि गडद लाल. गडद लाल म्हणजे रानाजवळच्या माणसांनी जीव वाचवायला तिथून निघून जावं, घराला नशिबावर सोडावं.

इथवर वाचून वाटेल की चला, लोक शिकताहेत. खरंच शिकताहेत. रस्त्याकडेच्या पाटीमागे, फोनवर येणाऱ्या इशाऱ्यामागे कुणाचे तरी मृत्यू आहेत, आणि ते वाया गेले नाहीत असं म्हणता येतं.

पण मला लिहायचं होतं ते त्याच्या आधीच्या आठवड्याबद्दल.

मी तेव्हा मेलबर्नला येऊन दीड वर्ष झालं होतं. पश्चिमेकडच्या एका उपनगरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, खिडक्या पश्चिमेला, एसी नाही. २८ जानेवारीला ४३.४, २९ ला ४४.३, ३० ला ४५.१. लागोपाठ तीन दिवस ४३ च्या वर, असं ह्या शहरात आधी कधी झालं नव्हतं. रेल्वेचे रूळ वाकडे झाले, गाड्या रद्द होत होत्या. ३० च्या संध्याकाळी सुमारे पाच लाख घरांची वीज गेली, त्यात आमचंही. आम्ही दोघं ओले टॉवेल गळ्यात टाकून जिन्यात बसलो होतो. खाली एक ग्रीक आजी एकट्या राहत. त्यांच्या दारावर टकटक करून आम्ही त्यांनाही जिन्यात आणून बसवलं, कारण त्या जिन्याला ऊन लागत नसे. त्या रात्री त्यांनी आम्हाला टरबूज खायला दिलं एवढंच आठवतं. आठवड्यानं काळा शनिवार आला आणि तो उकाडा सगळे विसरून गेले. आम्हीसुद्धा.

काही महिन्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याचा एक अहवाल आला. २६ जानेवारी ते १ फेब्रुवारी २००९ ह्या आठवड्यात व्हिक्टोरियात एरवी सरासरी ६०६ माणसं मरायला हवी होती. प्रत्यक्षात ९८० मेली. म्हणजे ३७४ जास्त. बहुतेक पंचाहत्तरीपुढची.

१७३ आणि ३७४. हे दोन आकडे शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते. वणव्याच्या दुपटीहून जास्त माणसं त्याआधीच्या आठवड्यात गेली होती, आणि कुणाला पत्ता लागला नव्हता. वणव्यात गेलेल्यांसाठी २२ फेब्रुवारीला देशभर शोकदिन पाळला गेला. गावोगाव स्मारकं आहेत, त्यांच्यावर नावं आहेत. ह्या ३७४ ची नावं कुठे आहेत? कुठेच नाहीत, कारण ती असूच शकत नाहीत. ३७४ ही वजाबाकी आहे. त्या ९८० पैकी ६०६ कोण आणि ३७४ कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही. दाखल्यावर हृदयविकार लिहिलेलं असतं, मूत्रपिंड लिहिलेलं असतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं होतं. ज्याला उन्हानं नेलं त्याच्या मुलांनाही ते ठाऊक नसतं.

मग मागे जाऊन पाहिलं. १९३९ च्या त्याच जानेवारीत, काळ्या शुक्रवारच्या आसपासच्या लाटेत, आग्नेय ऑस्ट्रेलियात उष्म्यानं ४३८ माणसं गेल्याची नोंद आहे. स्ट्रेटन साहेबांचा आयोग ७१ मृत्यूंसाठी बसला. ४३८ साठी कुणी बसलं नाही. पुढे २०१९-२० च्या उन्हाळ्यात मालाकूटाच्या समुद्रकिनाऱ्यावर अडकलेल्या माणसांना नौदलाच्या जहाजानं काढलं, ती लाल आकाशाची चित्रं तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या उन्हाळ्यात देशभरात वणव्यांत ३३ माणसं गेली. आणि शास्त्रज्ञांनी नंतर अंदाज काढला, की धुरामुळे आणखी सुमारे ४१७ जण गेले असावेत. पुन्हा तीच वजाबाकी.

आगीला रूप आहे, आवाज आहे, जागा आहे. ती कुठे सुरू झाली आणि कुठे थांबली हे नकाशावर काढता येतं, म्हणून तिला वाराचं नाव मिळतं, आयोग मिळतो, पाटी मिळते. उन्हाला ह्यातलं काही नाही. ते बंद दाराआड, पंख्याखाली, खाटेवर काम करतं. २००९ नंतर इथे उष्णतेच्या इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली हे मान्य करायला हवं. जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नमध्ये लागोपाठ चार दिवस ४१ च्या वर गेलं, तेव्हा जास्तीचे मृत्यू १६७ होते. कमी झाले. त्यात किती वाटा इशाऱ्यांचा आणि किती त्या वेळी पारा थोडा खाली राहिल्याचा, हे मी सांगू शकत नाही. पण शेजारच्या आजीचं दार वाजवा हे वाक्य सरकारी पत्रकात आलं, एवढं नक्की.

आता अकोल्याच्या हसण्याकडे येते.

माझे सासू-सासरे दर एक-दोन वर्षांनी इकडे येतात, डिसेंबर ते मार्च. इथल्या बहुतेक भारतीय घरांत हेच चित्र. तिकीट, नातवंडांची सुट्टी, तिकडची थंडी सगळं जमून येतं. म्हणजे आपले आई-वडील नेमके ह्या राज्याच्या सर्वांत धोक्याच्या महिन्यांत इथे असतात. आपण ऑफिसला. ते दिवसभर घरात, शेजारी कोण ते माहीत नाही, टीव्हीवरची सूचना इंग्रजीत आणि भराभर. पहिल्या वर्षी ४३ ला मी सकाळी पडदे ओढायला लागले तर बाबा हसले. "याले काय ऊन म्हनतेत बाप्पा!"

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. अकोल्यात माणसाला ऊन कळतं. फेब्रुवारीपासून पारा हळूहळू चढतो, शरीर आठ-दहा दिवसांत घाम गाळायला शिकतं, बाजार दुपारी ओस पडतो, डोक्याला शेला, खिडकीत वाळ्याचे पडदे, संध्याकाळी पन्हं. जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड. मेलबर्नात काल २२ होतं आणि आज ४३. शरीराला शिकायला वेळच मिळत नाही. त्यातून बाबा आलेले असतात अकोल्याच्या थंडीतून. आणि घर लाकडी सांगाड्याचं, आतून पुठ्ठ्यासारख्या जिप्समच्या भिंती, आमच्या नव्या वसाहतीत वर काळपट छप्पर आणि दारात एकही मोठं झाड नाही. वीज गेली की दोन तासांत आतलं तापमान बाहेरच्याशी बरोबरी करतं. म्हणजे आकडा तोच असला तरी ऊन तेच नसतं.

त्यात वय. सत्तरीनंतर तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. (गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायचं.) आणि हवा शरीरापेक्षा जास्त तापली की कोरडा पंखा थंड करत नाही, गरम वारा अंगावर फेकतो. अंग ओलं असेल तरच त्याचा उपयोग.

आमच्या घरी आता ठरलेलं आहे ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर बरं. ऊन चढायच्या आत खिडक्या आणि पडदे बंद, पारा उतरला की रात्री उघडायच्या. बाहेर धूर असेल तर रात्रीही बंदच. पाण्यावर चालणारा कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे धुराच्या दिवशी तो लावायचा नाही, साधा एसी असेल त्या एका खोलीत सगळ्यांनी बसायचं. एसी नसेल तर वाचनालय किंवा मॉल, तेही दुपारच्या आत गाठायचं. पाणी तहान लागायची वाट न बघता, दर तासाला. ऑफिसमधून दिवसात दोनदा फोन. आणि फोनवर नुसतं "ठीक आहात ना?" विचारायचं नाही. "आत्ता कुठल्या खोलीत बसलाय, पाणी कधी प्यालात?" असं विचारायचं. बोलण्यात घोटाळा वाटला, शब्द अडखळले, माणूस झोपाळल्यासारखा वाटला, तर वाट बघायची नाही. हीच उष्माघाताची खूण. इथे ०००, आपल्याकडे १०८. मदत येईपर्यंत सावलीत आडवं करून, कपडे सैल करून, अंगभर पाणी शिंपडून जोरात वारा घालायचा, मानेला आणि काखेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

वणव्याचंही थोडं. आम्ही शहरात राहतो हे खरं, पण पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींच्या कुंपणापलीकडे मोकळं वाळलेलं गवत आहे, आणि गवताची आग ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावते, म्हणजे माणसापेक्षा जोरात. म्हणून राज्याचं इशाऱ्यांचं ऍप आई-बाबांच्याही फोनवर टाकलंय. 'टोटल फायर बॅन' असलेल्या दिवशी अंगणात कोळशाची शेगडी नाही, चुलीवरच्या भरताचा बेतही नाही. पाटी गडद लाल असेल त्या दिवशी डोंगरात फिरायला जायचं नाही, बुकिंग असलं तरी. पासपोर्ट, औषधं आणि सुती कपडे एका पिशवीत दाराजवळ. सिंथेटिक कपडा धगीनं वितळून कातडीला चिकटतो, म्हणून सुती किंवा लोकरी.

बाबा आता हसत नाहीत. त्यांना मी हे आकडे सांगितले नाहीत, १९३९ च्या गिरणी कामगारांची गोष्ट सांगितली, ओली ब्लँकेटं धरून बसलेल्यांची. ती त्यांना पटली.

आणि तिकडच्या मंडळींसाठी एक. मे २०१० मध्ये अहमदाबादेत ४६.८ पर्यंत पारा गेला होता. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात १३४४ मृत्यू जास्त निघाले. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला, पुढे इतर शहरांनीही तसे केले. उन्हाची सवय असलेल्या शहरात ही संख्या होती. आणि १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघातानं गेले, ते तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. ते सगळ्यांना कळलं, कारण ते एका दिवशी, एका मैदानावर झालं.

माझी मोठी आत्या मे महिन्याच्या शेवटी गेली. अकोल्यात, वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत, दुपारी झोपेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सगळे म्हणाले, किती छान मरण आलं, कुणाला त्रास नाही. मीही तेच म्हटलं होतं, आणि कदाचित ते खरंही असेल. पण आता कुणी मे महिन्यात गेल्याचा फोन आला की मी हळूच विचारते, कुठल्या खोलीत होते, वर स्लॅब होती की पत्रा, लाइट होती का? विचित्र वाटतं लोकांना. काकू मागे एकदा चिडल्याच.

पण त्याच काकूंनी गेल्या एप्रिलमध्ये काकांची खाट वरून खाली, देवघराशेजारच्या खोलीत आणली. काका कुरकुरले, खाली वारा नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, पोरगी तिकडून रोज फोन करून डोकं खाते, झोपा गुमान खाली. काका अजून तिथेच झोपतात.

असो. तूर्तास इतकंच.